कंपनीचा रंग

आपल्या गाडीला कधीही, कुठेही, कोणाचाही धक्का लागलेला नाही हे सिद्ध करायचं असेल, तर माणसाला त्या गाडीचं वाटोळं करावं लागतं. हे मी अनुभवाने सांगतो आहे. ज्यांना हसू येत असेल त्यांनी खुशाल हसावं, आणि मग आपली मुलगी एखाद्या निवृत्त तपासनिसाच्या घरात देऊन बघावी.

माझे भावी व्याही फरश्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. ओळीने मांडलेल्या फरश्यांवर बोटाच्या पेराने टकटक करायची, आवाज ऐकायचा आणि पोकळ वाजली की ती फरशी बाजूला काढायची, एवढंच काम. नोकरी संपली, पण टकटक काही संपली नाही. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी चपला काढता काढता दार वाजवलं, बसता बसता टेबल वाजवलं आणि बोलता बोलता मागचं कपाट वाजवलं. कपाट वाजवून ते "हं" म्हणाले. त्या "हं"मुळे आमची ही पुढचे कित्येक दिवस त्या कपाटाकडे संशयाने बघत होती. मी मनातल्या मनात त्यांचं नाव टकटकराव ठेवलं आणि ते तोंडातून बाहेर पडू नये म्हणून पुढे फार जपावं लागलं.

मुलीचं आणि त्यांच्या मुलाचं आपसांत ठरलेलंच होतं. आम्ही मोठ्यांनी फक्त हसून मान डोलवायची आणि लग्नाची तारीख नक्की करायची, एवढंच उरलं होतं. ती त्याच दिवशी झालीही असती. पण चहाचा कप हातात घेता घेता टकटकराव म्हणाले, "खाली भिंतीला लावलेली ती गाडी तुमची ना? विकताय म्हणे."

"हो. हिच्या गुडघ्यांना ती बुटकी पडते. उठताना त्रास होतो."

"मग बाहेर कशाला देता? पोरांना होईल. मी घेतो की रीतसर विकत. घरातल्या घरात राहील."

मला इतका आनंद झाला की मी गरजेपेक्षा एक वाक्य जास्त बोललो. म्हणालो, "घ्या ना! अगदी डोळे मिटून घ्या. सगळा कंपनीचा रंग आहे."

जन्मभर दुसऱ्यांच्या फरश्यांमधला पोकळपणा शोधणाऱ्या माणसाला 'डोळे मिटून घ्या' सांगणं, यासारखा मूर्खपणा नाही. टकटकरावांनी कप न पिता खाली ठेवला.

"चला, बघू या," ते म्हणाले.

इथे गाडीच्या रंगाविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्याविषयी जगात कोणालाच काही कळत नाही आणि बोलतात मात्र सगळे. रंग तीन तऱ्हांचे असतात. एक साधा. तो लाल असला तर लाल दिसतो आणि पांढरा असला तर मळका दिसतो. दुसरा मेटॅलिक. त्यात धातूची बारीक पूड असते, त्यामुळे तो समोरून एक दिसतो, बाजूने दुसरा दिसतो आणि होणाऱ्या व्याह्यांबरोबर बघितला की तिसराच दिसतो. तिसरी तऱ्हा पर्लची, म्हणजे मेटॅलिकचा श्रीमंत चुलतभाऊ. या सगळ्यांवर वरून एक पारदर्शक थर असतो आणि सगळी चमक त्या थराची असते. आमची गाडी मेटॅलिक. तिच्या रंगाला कंपनीने पहाट, रेशीम, वाळवंट असं काहीतरी एकत्र करून नाव दिलं होतं. नोंदणीच्या कार्डावर तोच रंग 'बेज' आहे, विम्याच्या कागदावर 'ब्राऊन' आहे आणि आमची ही त्याला दूध जास्त झालेला चहा म्हणते.

गाडीची जागा भिंतीकडेची. मी हिला दारातच उतरवतो आणि मग गाडीची डावी बाजू भिंतीला अशी चिकटवून लावतो की मधून मांजरसुद्धा पोट आत घेऊन जातं. त्यामुळे दर रविवारी मी पॉलिश करत आलो ती फक्त उजवी बाजू. येणारे-जाणारेही तिकडूनच येत-जात. डाव्या बाजूला कोणासाठी पॉलिश करायचं, भिंतीसाठी?

टकटकरावांनी मला गाडी बाहेर काढायला लावली. मग ते गाडीपासून लांब गेले, जवळ आले, उकिडवे बसले आणि एक डोळा मिटून गाडीच्या अंगावरून लांबवर बघू लागले. उजव्या दारात वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ, स्वच्छ दिसलं. डाव्या दारात तीच ट्यूब धुक्यात सापडल्यासारखी दिसली. "दोन बाजू, दोन रंग," ते म्हणाले. मग त्यांनी डाव्या खिडकीच्या कडेच्या रबरावरून नख फिरवलं. रबरावर दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचे बारीक ठिपके होते. नखाबरोबर एक ठिपका निघाला. तो त्यांनी तळहातावर घेऊन मला दाखवला.

"रंगवलेली गाडी ओळखायची, तर पत्रा बघायचा नसतो," ते म्हणाले. "पत्रा कोणीही चकचकीत करतो. रबर बघायचं. कंपनीत रंग आधी मारतात आणि रबर नंतर बसवतात. रबरावर रंग उडालाय, म्हणजे रबर बसल्यावर कोणीतरी फवारा मारलाय."

"मारलाय ना! पण गाडीला नाही, भिंतीला," मी म्हणालो. "गेल्या वर्षी सोसायटीने पूर्ण इमारतीला मशीनने रंग दिला. भिंतीचा आणि गाडीचा रंग एकच आहे. त्याचे ठिपके आहेत हे. आणि पॉलिश मी एकाच बाजूला करतो, म्हणून दोन बाजू वेगळ्या दिसतात."

माझं मलाही ते ऐकायला विचित्र वाटलं. खरं बोलणं बऱ्याचदा विचित्रच वाटतं. खोटं बोलणारा माणूस निदान एकच कारण देतो.

टकटकराव "हं" म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, दवाखान्यात वाईट बातमी सांगताना काढतात तसा आवाज काढून म्हणाले, "हे बघा, अपघात झाला असेल तर झाला. माणसाच्या हातून होतो. पण नवीन नातं जोडताना लपवाछपवी नको. गाडीचं एकदा काय ते स्पष्ट होऊ द्या, मग तारखेचं निवांत बसून बोलू."

मी भावी जावयाकडे बघितलं. तो म्हणाला, "बाबांचं बरोबर आहे." मग आमच्या मुलीने त्याच्याकडे बघितलं, तेव्हा म्हणाला, "तसं तुमचंही बरोबर आहे."

ते गेल्यावर मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं, माझी बाजू घ्यायला आली. ती हळूच म्हणाली, "बाबा, काय झालं असेल ते सांगून टाका ना. कोणी रागावणार नाही."

मला फार लागलं ते. सिग्नल पिवळा झाला तरी गाडी थांबवणारा बाप तिने लहानपणापासून बघितला होता. मागच्या गाड्यांनी आमच्या घराण्याचा उद्धार केलेलाही ऐकला होता. "अगं, काही झालेलंच नाही, तर सांगू काय?" मी ओरडलो.

आमची ही आतून म्हणाली, "ते ऑफिसच्या ट्रेनिंगला परगावी गेला होतात, तेव्हा काही झालं नव्हतं ना?"

"मी ट्रेनने गेलो होतो!"

"तेच म्हणते मी. घरात गाडी असताना ट्रेनने का गेलात?"

दुसऱ्या दिवशी मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. हा गृहस्थ पाण्याच्या टाकीचं झाकण बदलायचं असलं तरी घसा साफ करून उभा राहतो. मी त्याला साधी गोष्ट मागितली. माझ्या व्याह्यांना फोन करून एवढंच सांगायचं, की गेल्या वर्षी इमारतीला रंग देताना काही ठिपके गाड्यांवर उडाले होते.

"अशक्य," सेक्रेटरी म्हणाले.

"काय अशक्य? तुमच्या स्वतःच्या स्कूटरवर आहेत ठिपके!"

"ते मी सदस्य म्हणून बघितलेत. सेक्रेटरी म्हणून बघितलेले नाहीत." मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "अहो, एकदा तुमचे ठिपके मान्य केले, की उद्या जो तो आपापले ठिपके घेऊन दारात उभा राहील. त्यापेक्षा एक सुचवू का? व्याह्यांना सांगून टाका, किरकोळ अपघात झाला होता म्हणून. विषय संपला."

तेवढ्यात तळमजल्यावरचे आजोबा तिथे टेकले. ते दिवसभर गेटजवळच्या बाकावर बसून असतात, त्यामुळे आपल्याला सगळं माहीत आहे अशी त्यांची ठाम समजूत आहे. ते म्हणाले, "मला आठवतो ना तो अपघात. बंपर लोंबत होता."

"कोणाचा?"

"तुमचाच. निदान रंग तरी हाच होता."

मी हात टेकले. संध्याकाळपर्यंत त्या लोंबत्या बंपरला एक वळण मिळालं, वळणावर पाऊस मिळाला आणि समोरून येणारा एक स्कूटरवाला मिळाला. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात मला थांबवून डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "त्या स्कूटरवाल्याचं पुढे काय झालं हो?" मी म्हणालो, तो जन्मालाच आलेला नाही. त्या "अरेरे" म्हणाल्या आणि घरी जाऊन तो गेला असं सांगितलं.

या इमारतीत माझी इतकी वर्षं गेली. कोणाला माझं आडनाव धड आठवत नाही, पण माझा न झालेला अपघात सगळ्यांना तोंडपाठ.

मग मी विम्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या खिडकीमागच्या बाईंना म्हणालो, "माझ्या गाडीला अपघात झालेला नाही, असं तुमच्या कंपनीकडून लिहून हवंय."

"अपघात कधी झाला?"

"झालेला नाही."

"अहो, झाल्याची तारीख टाकल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही." त्यांनी पडद्याकडे बघत माझं कार्ड मागितलं. मग कार्डाकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघितलं. "इथे ब्राऊन आहे. कार्डावर बेज आहे. गाडी मध्ये रंगवली होती का?"

"नाही हो! एकच रंग आहे तो!"

"कोणता? ब्राऊन की बेज?"

तो दूध जास्त झालेल्या चहाचा आहे, हे त्या खिडकीत सांगण्याएवढा मी अजून खचलो नव्हतो. बाई म्हणाल्या, रंगाचा घोळ मिटेपर्यंत त्या काहीच लिहून देऊ शकत नाहीत, उलट हा घोळ त्यांना आता वर कळवावा लागेल. मी तसाच उठून घरी आलो.

घरी माझा मेहुणा येऊन बसला होता. हिचा हा धाकटा भाऊ. जगात याला येत नाही असं काही नाही आणि याने पूर्ण केलं असंही काही नाही. "भावोजी, एवढंच ना?" तो म्हणाला. "माझ्या एका मित्राचा जुन्या गाड्यांचा धंदा आहे. त्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचं मशीन असतं. पत्र्याला टेकवलं की आकडा येतो. रंगवलेली असेल तर जास्त, नसेल तर कमी. मशीन काय खोटं बोलणार? व्याह्यांनाच बोलवा, त्यांच्या समोर मोजू."

आयुष्यात पहिल्यांदा मला माझा मेहुणा आवडला. टकटकराव आले. सेक्रेटरी आले, सदस्य म्हणून. बाकावरचे आजोबा बाकासकट आले. मेहुण्याने उजव्या दारावर मशीन टेकवलं. आकडा आला. डाव्या दारावर टेकवलं. आकडा जास्त आला. त्याने मशीन झटकलं, फुंकर मारली, पुन्हा टेकवलं. पुन्हा जास्त.

"हं," टकटकराव म्हणाले.

मग डोक्यात प्रकाश पडला. म्हणालो, "अहो, डावीकडे जास्त नाही, उजवीकडे कमी झालाय! मी इतकी वर्षं पॉलिश करून करून उजवीकडचा थर झिजवलाय. डावी बाजूच खरी आहे!"

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. पण ज्या गाडीची मळकी बाजू खरी आणि चकचकीत बाजू झिजलेली, अशी गाडी कोणी ऐकली आहे का? आजोबा मेहुण्याला म्हणाले, "अपघाताने माणसाच्या मनावर परिणाम होतो."

टकटकराव जाताना म्हणाले, "मी अजून थांबायला तयार आहे." म्हणजे तारीखही थांबणार. त्या संध्याकाळी मुलगी जेवली नाही. तिने भांडी घासली त्या आवाजात सगळं होतं.

आता एकच मार्ग होता. पुरावा देता येत नाही, तर निदान ठिपके तरी घालवावेत. मेहुण्याने थिनर आणून दिलं आणि म्हणाला, "फडक्यावर घ्यायचं, रबरावर फिरवायचं, पाच मिनिटांत रबर स्वच्छ." रबर खरंच स्वच्छ झालं. फक्त खाली ओघळलेल्या थिनरने दारही स्वच्छ केलं. दारावर वरपासून खालपर्यंत ओघळांचे पट्टे उमटले आणि त्या पट्ट्यांत दाराचा रंग सुरकुतला. मी तो फडक्याने पुसायला गेलो, तर सुरकुत्या फडक्याबरोबर आल्या.

मेहुण्याने रबरावरून एक बोट फिरवलं. मग म्हणाला, "भावोजी, रबर मात्र काय निघालंय!"

अशा रीतीने, जी गाडी कधी रंगवली नव्हती हे मला सिद्ध करायचं होतं, ती घेऊन मी रंगवायच्या गॅरेजमध्ये गेलो.

तिथला पेंटर स्वतःला कारागीर म्हणवून घ्यायला तयार नव्हता, त्याच्या मते तो कलावंत होता. कमरेवर हात ठेवून तो गाडीभोवती फिरला आणि प्रत्येक फेरीला नाक मुरडलं. मी त्याला म्हणालो, "एवढं डावं दार करून द्या. पण रंगवलंय असं दिसता कामा नये."

"साहेब, आजवर लोक माझ्याकडे जुनी गाडी नवी करून मागायचे," तो म्हणाला. "रंगवलेली गाडी न रंगवलेली करून मागणारे तुम्ही पहिलेच. होईल. पण माझं मन लागलं पाहिजे."

त्याचं मन चहा, तपकीर आणि फोन यांवर चांगलंच लागायचं. दार झालं. ते इतकं सुंदर झालं की शेजारचं मागचं दार भिकाऱ्यासारखं दिसू लागलं. पेंटर म्हणाला, मेटॅलिकचं असंच असतं, पुडीचा दाणा हाताच्या वळणावर बसतो, आता मागचं दार करावंच लागेल. ते झालं. मग मागच्या चाकावरचा पत्रा बिथरला. मग पुढचा. मग बॉनेट. आमचं एक दार बदललं तेव्हा घराचे सगळे पडदे बदलावे लागले होते, तसंच हे. दर दोन दिवसांनी पेंटर मला बोलवायचा आणि गाडीचा कुठलातरी अवयव दाखवून म्हणायचा, "आता याच्याशेजारी हा कसा दिसतो, तुम्हीच सांगा." शेवटी उजवी बाजू तेवढी राहिली. माझ्या हाताने रविवारमागून रविवार घासलेली, आरशासारखी बाजू. पेंटरने तिच्याकडे एकदाच बघितलं आणि म्हणाला, "हीच आता रंगवल्यासारखी दिसते."

मी म्हणालो, मारा फवारा. मला त्या बाजूकडे बघवेना, मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

गाडी घरी आली तेव्हा तिच्या पत्र्यावर कंपनीचा असा नखभरही रंग नव्हता. आता माझ्याजवळ तत्त्व नव्हतं, पुरावा नव्हता आणि रविवारी करायला काही कामही नव्हतं. मी ठरवून टाकलं. टकटकरावांना बोलवायचं, गाडी रंगवली आहे हे सरळ सांगायचं आणि ते जो काय अपघात सुचवतील तो कबूल करून टाकायचा. मी त्या स्कूटरवाल्यालासुद्धा हो म्हणायला तयार होतो. मुलीच्या लग्नापुढे माझी अब्रू ती केवढी!

टकटकराव आले, बरोबर मुलगाही आला. मी तोंड उघडायच्या आत ते गाडीजवळ पोचलेसुद्धा. उकिडवे बसले, एक डोळा मिटला. डाव्या दारात ट्यूब सरळ. उजव्या दारात ट्यूब सरळ. त्यांनी पत्र्यावरून पेर फिरवत टकटक केली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि कान लावला. या वेळी मेहुण्याच्या मित्राचं मशीनही त्यांनी मुद्दाम मागवून घेतलं होतं. ते चारी बाजूंना टेकवलं. आकडा सगळीकडे सारखा. मग ते उभे राहिले आणि मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

"माफ करा," ते म्हणाले. "मागच्या वेळी तुमच्या गाडीवर धूळ होती. धुळीने मला फसवलं. हा कंपनीचाच रंग."

आमची ही मागून माझ्या पाठीत बोट रुतवत होती, म्हणजे गप्प बसा. मुलीच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं होतं. कोणताही शहाणा माणूस तिथे मूग गिळून बसला असता. पण मी खरं बोलत होतो तेव्हा या माणसाने मला खोटारडा ठरवलं, सगळी सोसायटी माझ्यावर हसली, आणि आता एक अखंड खोटी गाडी माझ्या नावाने खरी ठरत होती. हे माझ्याने गिळवेना. आणि लपवाछपवी नको असं यांनीच बजावलं होतं.

"थांबा," मी म्हणालो. "ही गाडी पूर्ण रंगवलेली आहे. गेल्याच आठवड्यात. आधी कंपनीचा रंग होता, आता नाही."

टकटकराव माझ्याकडे वळले. मग मोठ्याने हसले. "वा! चिडलात वाटतं माझ्यावर? चालेल, व्याह्याने चिडायचंच. पण रंगवलेली गाडी मला कळणार नाही होय? आकडे बघा, सगळीकडे सारखे. रंगवलेल्या गाडीला कधी सारखे येतात?"

"सगळीच रंगवलीय म्हणून सारखे आलेत! आणि जास्त आलेत, तेही बघा!"

"पूर्वी कंपन्या सढळ हाताने रंग द्यायच्या," ते म्हणाले. "आताच्यासारखी कंजुषी नव्हती."

"पेंटरला फोन लावून देतो. त्यालाच विचारा."

"पेंटर काय, काम केल्याचंच सांगणार. न केल्याचं कोणी सांगतो का?"

मी जावयाकडे बघितलं. तो म्हणाला, "दोघांचंही बरोबर आहे."

तेव्हा मला आठवलं. त्या कलावंताचं मन ज्या दिवशी लागलं नव्हतं, त्या दिवशी त्याने मागच्या डाव्या खिडकीच्या रबर झाकायला कागद लावलाच नव्हता. मी धावत तिकडे गेलो. होते! रबरावर बारीक, दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचे, अगदी शास्त्राप्रमाणे उडालेले ठिपके. मी टकटकरावांचा हात धरून त्यांना तिथे आणलं, त्यांचंच बोट रबरावर टेकवलं आणि विजयाने म्हणालो, "हे बघा! तुम्हीच सांगितलं होतं ना, पत्रा बघायचा नाही, रबर बघायचं? हे काय आहे?"

टकटकराव वाकले. त्यांनी एक ठिपका नखाने काढला, तळहातावर घेतला, उजेडात धरला. मग समोरच्या भिंतीकडे बघितलं, पुन्हा ठिपक्याकडे बघितलं.

"हे ना?" ते समजूत घालत म्हणाले. "हे तुमच्या भिंतीचे ठिपके. तुम्हीच तर सांगितलं होतं. तेव्हा मला पटलं नव्हतं, पण आज पटलं."

मागे उभे असलेले सेक्रेटरी म्हणाले, "सोसायटीच्या रंगाचे ठिपके उडत नाहीत." त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

तारीख तिथेच, गाडीच्या बॉनेटला टेकून ठरली. मुलीने येऊन माझा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, मला माहीत होतं तुम्ही खोटं बोलत नव्हता." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. कोणत्या वेळी, हे मी तिला विचारलं नाही.

निघताना टकटकरावांनी गाडीला प्रेमाने एक शेवटची टकटक केली. मग तेच पेर माझ्या खांद्यावर वाजवलं, कान थोडा जवळ आणून ऐकलं, आणि आमच्या हिच्याकडे वळून म्हणाले, "माणूस अगदी सरळ आहे हो तुमचा. फक्त गाड्यांतलं काही कळत नाही."